मऊ सीट नको, मापाची हवी

दर काही महिन्यांनी विज्ञानविषयक बातम्यांत लठ्ठपणाची आकडेवारी येते आणि तिच्याखाली सल्ल्यांची रांग लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष यांचा देहभार निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये हाच विषय घेतला, त्याआधीच, डिसेंबर २०२४ मध्ये, ‘फिट इंडिया’च्या रविवारच्या सायकलफेऱ्या सुरू झाल्या होत्या. सल्ला चांगलाच आहे. पण शंभर किलो वजनाचा माणूस तो मनावर घेऊन रोड बाइक विकत घेतो, पंधरा दिवसांनी ती जिन्याखाली उभी करतो, आणि मग आपण सगळे मिळून ठरवतो की त्याच्यात चिकाटी नव्हती. या निष्कर्षाला माझा विरोध आहे. त्याला बसायला दुखत होते, आणि का दुखत होते हे मोजता येते. जे मोजता येते त्याला स्वभावदोष म्हणणे विज्ञानाच्या वाचकांना तरी शोभत नाही.

‘आधी वजन उतरवा, मग सायकल चालवा’ आणि ‘सवय झाली की दुखायचे थांबेल’ ही दोन वाक्ये अशा माणसाला हमखास ऐकवली जातात. पहिले वाक्य म्हणजे पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नका म्हणण्यासारखे. त्यावर अधिक शब्द खर्च करत नाही. दुसरे मात्र गणित करून तपासण्याजोगे आहे.

सायकलस्वाराचे वजन तीन ठिकाणी वाटले जाते: हातांवर, पॅडलांवर आणि सीटवर. पॅडल जितक्या जोराने दाबाल तितके शरीर सीटवरून हलके होते. आता दोन स्वार घेऊ. एक ६५ किलोचा कसलेला शर्यतपटू. तो २५० वॅट शक्तीने, मिनिटाला ९० फेरे या गतीने पॅडल मारतो. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर धरली तर पॅडलवरचे सरासरी बल सुमारे १५६ न्यूटन येते. त्याचे वजन सुमारे ६३७ न्यूटन, म्हणजे वजनाचा जवळपास चौथा हिस्सा पायांनी उचललेला असतो. दुसरा ११० किलोचा नवशिका. तो ७५ वॅटने, मिनिटाला ६० फेऱ्यांनी चालवतो. त्याचे सरासरी बल ७० न्यूटन आणि वजन सुमारे १०७८ न्यूटन. पायांनी उचललेला हिस्सा पंधरावा. पायांचा स्वतःचा भार आणि हातांवरचा भार दोघांनाही असतो, तो इथे बाजूला ठेवला आहे. ढोबळ चित्र त्याने बदलत नाही. एकाची सीट दर आवर्तनात हलकी होते, दुसऱ्याची सीट तासभर त्याला तशीच पेलत राहते.

रोड बाइकवर बसवून मिळणारी अरुंद, सडपातळ सीट पहिल्या माणसासाठी घडलेली आहे. ती दुसऱ्याला देऊन ‘सवय होईल’ म्हणणे ही थट्टा आहे. त्याला सवय व्हायची ती सीटची नव्हे, २५० वॅटची; आणि ती पंधरा दिवसांत कुणालाच होत नसते.

यावर बाजाराचे उत्तर ठरलेले आहे: मोठ्या माणसाला मोठी, गुबगुबीत सीट. नाहीतर आहे त्या सीटवर जेलचे कव्हर. हे उत्तर पहिल्या चुकीपेक्षा अधिक घातक आहे, कारण ते दुकानात बसून पाहिले तर पटते. बोटाने दाबले की सीट दबते, ग्राहक हसतो, पैसे देतो. तिसऱ्या किलोमीटरला बधिरपणा सुरू होतो.

कारण आपल्या सांगाड्यात आहे. बसताना आपण ज्यावर टेकतो ती कंबरेच्या हाडांची खालची दोन टोके म्हणजे बैठकीची हाडे. वैद्यकीय भाषेत इशियल ट्युबरोसिटी. शरीराचा भार पेलण्याची त्यांची जन्मजात तयारी असते. त्या दोहोंच्या मधल्या मऊ भागाची ती नसते. तिथून प्युडेंडल नस आणि तिच्या सोबतच्या रक्तवाहिन्या जातात. सीट फार मऊ असली की हाडे तिच्यात रुततात आणि मधला फुगवटा वर येऊन नेमका त्या मऊ भागात घुसतो. वजन जास्त असेल तर हाडे अधिक खोल रुततात. म्हणजे ज्याच्यासाठी म्हणून गुबगुबीत सीट विकली जाते, त्यालाच ती सर्वांत जास्त छळते.

दाबाचा अंदाज घ्यायचा तर असे धरू की सीटवर ६०० न्यूटन भार आहे आणि स्पर्शाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर. सरासरी दाब ३० किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याच्या स्तंभात सुमारे २२५ मिलिमीटर. निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब १२० असतो. सीटखालचा सरासरी दाबच धमनीतल्या दाबावर मात करतो, तेव्हा दाब किती आहे यापेक्षा तो कुठे पडतो हा प्रश्न निर्णायक ठरतो. (आणि सीट कितीही योग्य असली तरी दर काही मिनिटांनी पॅडलांवर उभे राहायला हवे, हेही याच आकड्यातून निघते.)

भिलाईत राहणाऱ्याला हे खरे तर सांगावे लागू नये. भारतीय रेल्वेचे रूळ आमच्या पोलाद कारखान्यात लाटले जातात. मालगाडीच्या एका आसावर २२-२३ टन भार असतो. तो मातीत रुतू नये म्हणून आपण रुळाखाली गादी घालत नाही. रूळ ताठ काँक्रीटच्या स्लीपरवर बसवतो, स्लीपर खडीवर, आणि भार पायरीपायरीने रुंद क्षेत्रावर पसरवतो. रूळ आणि स्लीपर यांच्यामध्ये रबराचा पॅड असतो खरा, पण तो काही मिलिमीटर जाडीचा, आणि त्याचे काम हादरे शोषण्याचे. चांगल्या सीटचे तत्त्व याहून वेगळे नाही: ताठ तळ, हाडांच्या खाली पुरेशी रुंदी, वर थोडीशी घट्ट गादी.

हे अनुमान प्रयोगानेही तपासले गेले आहे. २००२ साली कोलोनच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी ‘युरोपियन युरॉलॉजी’मध्ये वेगवेगळ्या सीटवर बसलेल्या पुरुषांच्या जननेंद्रियातील प्राणवायूची मोजमापे प्रसिद्ध केली. अरुंद पण भरपूर गादी असलेल्या सीटवर प्राणवायू सरासरी ८२ टक्क्यांनी घसरला. रुंद, मध्यम गादीच्या सीटवर सुमारे २० टक्क्यांनी. गादीपेक्षा रुंदी महत्त्वाची, हा त्यांचा निष्कर्ष होता. अमेरिकेत व्यावसायिक आरोग्याची सरकारी संशोधन संस्था नायॉश हिने सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने नाकाड नसलेल्या सीट देऊन बधिरपणाची नोंद ठेवली. तो अभ्यास २००८ साली आला. एका देशाच्या सरकारला आपल्या पोलिसांच्या बुडाखालचा दाब हा संशोधनाचा विषय वाटला, त्यात कुणालाही हसू आले नाही. आपल्याकडे मात्र या विषयाचा उच्चार झाला की आधी हशा पिकतो. दोन्ही अभ्यास पुरुषांवरच झाले, ही त्यांची मोठी उणीव. स्त्रियांच्या वाट्याला आजही बहुधा ‘लेडीज सीट’ ही चिठ्ठीच येते, आणि चिठ्ठी म्हणजे माप नव्हे.

मग मोठ्या माणसाला सीट किती रुंद हवी? इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. बैठकीच्या हाडांमधले अंतर वजनासोबत वाढत नाही. साठ किलोचा तरुण वीस वर्षांनी एकशे दहा किलोचा झाला, तरी ती हाडे होती तिथेच असतात. नितंबांची रुंदी पाहून सीट निवडणे म्हणजे स्वेटर मोजून बरगड्या सांगणे. तरीही वजनदार स्वाराला अनेकदा थोडी रुंद सीट लागते, आणि त्याचे कारण पोट आहे. पोट आड आल्याने तो हँडलवर फार वाकू शकत नाही; त्याचे कंबरेचे हाड मागे कललेले राहते. बैठकीची हाडे पुढच्या बाजूला एकमेकांकडे जुळत जातात, मागे दूर असतात. जो ताठ बसतो तो मागच्या, म्हणजे रुंद भागावर टेकतो. जो वाकतो तो पुढच्या, अरुंद भागावर. रुंदी ठरते ती हाडांच्या अंतराने आणि बसण्याच्या ढंगाने. वजन त्यात आडवाटेने येते.

‘आमच्या वडिलांनी तीस वर्षे सायकलवरून कारखान्यात पाळी केली, कुणी सीटचे नाव काढले नाही,’ हा युक्तिवाद भिलाईत घरोघरी ऐकू येतो. तो खराही आहे. पण त्या काळ्या सायकलीचे हँडल उंच होते, पाठ ताठ राहायची, आणि त्या ढंगाला साजेशी स्प्रिंगवर ताणलेली रुंद चामड्याची सीट खाली होती. सीट आणि बसणे यांचा तिथे मेळ होता. रोड बाइकवर हँडल खाली गेले, सीट अरुंद झाली, आणि बसणारा मात्र तोच राहिला. दोष वडिलांच्या मुलाचा नाही.

माप घ्यायला पन्नास पैशांचाही खर्च नाही. पन्ह्याळी पुठ्ठ्याचा तुकडा कडक बाकावर ठेवायचा, पातळ कपड्यांत त्यावर बसायचे, पाय किंचित उंच ठेवायचे, थोडे पुढे वाकून मिनिटभर थांबायचे. उठल्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजायचे आणि त्यात साधारण २० ते ३० मिलिमीटर मिळवायचे. जितके ताठ बसत असाल तितके वरच्या आकड्याकडे जायचे. बाजारात १३०, १४३, १५५, १६८ मिलिमीटर अशा रुंदीच्या सीट मिळतात. हाडे १२५ मिलिमीटर अंतरावर असलेल्या माणसाला १३० ची सीट दिली, तर तो कडांवर टेकतो आणि मधे घसरतो, मग ती किती महाग आहे याला अर्थ नाही. रुंदी मिळाल्यावर सीट पाण्याच्या पातळीने आडवी करा. फार उंच ठेवू नका. उंच सीटवर कंबर डावीउजवी डुलते आणि कातडी घासली जाते. नाकाडाकडे झपाट्याने अरुंद होणारा आकार घ्या, कारण भरलेल्या मांड्यांना पसरट कडा सोलवटतात, आणि छत्तीसगडच्या मे महिन्यात घामासह ते फार लवकर घडते. सीटखालच्या दांड्या पोलादी असाव्यात. टायर रुंद घ्यावेत.

मजबुतीचा विषय निघाला म्हणून सांगतो. सायकलींच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ४२१० सीटवर १००० न्यूटनचे बल २ लाख वेळा लावून पाहते. १००० न्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलोचा भार. सीट मोडते का, एवढेच ती चाचणी विचारते. बसणाऱ्याचे काय होते हे ती विचारत नाही, आणि वेष्टनावर रुंदी छापण्याची सक्ती तर दूरच. आपल्या देशात, जिथे याच सर्वेक्षणानुसार निम्म्या घरांत आणि छत्तीसगडमध्ये सुमारे ७० टक्के घरांत सायकल आहे, तिथे सीटच्या खोक्यावर मिलिमीटरमधला एक आकडा छापावा एवढी मागणी अवास्तव आहे का?

दुसरी मागणी आपल्या संशोधनसंस्थांकडे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय देहमापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यात बसलेल्या माणसाच्या नितंबांची रुंदी आहे. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइझ’साठी २५ हजार लोकांची त्रिमित मोजणी हाती घेतली. दोन्ही कामे मोलाची, पण पृष्ठभाग मोजणाऱ्या यंत्राला हाड दिसत नाही, आणि आपल्याला हाडच हवे आहे. ते दिसणारी चित्रे आधीच काढलेली आहेत. रायपूरच्या एम्ससारख्या रुग्णालयांत कंबरेचे सीटी स्कॅन रोज होतात. नीतिसमितीची परवानगी घेऊन, नावे पुसून, त्या चित्रांवर दोन बिंदूंमधले अंतर मोजायचे आणि वजन, उंची, वय, लिंग यांच्यासमोर मांडायचे. नवे यंत्र नको, नवा रुग्ण नको. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचे हे वर्षभराचे काम आहे, आणि त्यातून निघणारा आलेख लुधियानाच्या प्रत्येक सायकल कारखान्याला उपयोगी पडेल.

हे वाचणाऱ्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतील, तर त्यांच्या आवाक्यातले काम याहूनही साधे आहे. दाब लागताच विद्युतरोध बदलणारे पातळ सेन्सर काही शे रुपयांना मिळतात. दोन हाडांखाली, दोन मधे, एक नाकाडावर असे पाच चिकटवा, आर्डुइनोला जोडा, आणि सायकल स्टँडवर लावून साठ, ऐंशी आणि शंभर किलोच्या तीन मित्रांना आळीपाळीने बसवा. एकदा जेल कव्हर लावून, एकदा काढून. हे सेन्सर अचूकतेला कच्चे असतात, त्यामुळे प्रत्येकाची आधी ओळखीच्या वजनांनी तपासणी करून घ्या आणि त्या तपासणीचा तक्ता निकालासोबत जोडा. निकाल काय येतील ते इथेच खाली लिहा, माझ्या गणिताच्या विरोधात गेले तरी.