फजरच्या आधीचा रेडिओ

तारा तुटताना दिसला की आमची दादी लाहौल पढायची. आसमानातली बातमी चोरायला गेलेल्या शैतानामागे ज्वाला लागते, असं ती सांगे. कुरआनात तसा उल्लेख आहे आणि माझी त्यावर श्रद्धा आहे. पण श्रद्धा म्हणजे कुतूहलाला कुलूप नव्हे. पैगंबरांचे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक त्याचा संबंध त्या मृत्यूशी जोडू लागले, तेव्हा ग्रहण कुणाच्या मरणामुळे लागत नाही, असं खुद्द पैगंबरांनीच (स.) बजावलं.

ययाती उल्कावर्षाव 12-13 ऑगस्टला भरात असतो. नेमकं तेव्हा आमच्या परंड्यावर ढग असतात. पण उल्का ऐकताही येते. सुमारे 100 किलोमीटर उंचीवर जळताना ती मागे विद्युतभारित हवेचा पट्टा सोडते. दूरच्या एफएम केंद्राची लहर त्यावर आपटून आपल्याकडे येते. जवळचं केंद्र नाही, पण दिल्ली-कोलकात्याइतकं लांबचं आहे, अशा जागी काटा ठेवा. नुसती खरखर ऐकू येते आणि मध्येच अर्धा सेकंद गाण्याचा तुकडा येऊन विरतो. विमानामुळेही आवाज येतो, पण तो रेंगाळतो. पहाटे उल्का वाढतात, कारण पृथ्वी ज्या दिशेने धावते, तिकडे तेव्हा आपलं तोंड असतं. म्हणजे फजरला उठणाऱ्यांची ही हक्काची वेळ!

मात्र एका रेडिओवर फक्त मोजणी होते, मार्ग कळत नाही. त्यासाठी अनेक ठिकाणी रेडिओ हवेत आणि त्यांची घड्याळं जीपीएसने जुळवलेली हवीत. प्रत्येक ठिकाणी आवाज किंचित वेगळ्या क्षणी पोचतो आणि त्या फरकांवरून वाट काढता येते. बेल्जियममध्ये 'ब्रॅम्स' हे जाळं हौशी लोकांच्या मदतीनेच चालतं.

2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आभाळातून जळत गेलेल्या वस्तूला अनेकांनी उल्का म्हटलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत धातूची मोठी कडी पडली आणि ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं तज्ज्ञांनी सांगितलं. एकट्याची साक्ष अशी अपुरी पडते.

गावोगावची गवाही गोळा करणं आपल्याला नवं नाही. ईदच्या चांदासाठी आपण ते पिढ्यान्‌पिढ्या करतो, त्यावरून भांडतोही. तीच सवय परंडा, भूम, बार्शी, करमाळ्याच्या पोरांनी इकडे वळवावी. जीपीएस नंतर येईल. 13-14 डिसेंबरच्या मिथुन उल्कावर्षावाला रेडिओ, वही आणि पेन एवढं पुरे. शेजारच्या हिंदू मित्रालाही गच्चीवर बोलवा. या चांदावरून भांडण होणार नाही.