विश्लेषण : नवी गाडी ऑनलाइन घ्यावी की शोरूममधून? खंडाळ्यातल्या ग्राहकाने काय पाहावं?

खंडाळ्यात राहणाऱ्या कुटुंबाला नवी गाडी घ्यायची असेल, तर मॉडेल, रंग, कर्जाचा हप्ता आणि बुकिंग हे सगळं आता मोबाइलवरच होतं. मग घाट उतरून पनवेलला किंवा उलट दिशेने पिंपरी-चिंचवडला जाऊन शोरूम पालथी कशाला घालायची? प्रश्न रास्त आहे. पण ‘ऑनलाइन’ या एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या प्रकारचे व्यवहार चालतात. पैसे अडकले किंवा गाडीत दोष निघाला तर जबाबदार कोण, हे त्यावर ठरतं.

ऑनलाइन बुकिंग केल्यावर गाडी विकतं कोण?

बहुतेक वेळा डीलरच. करोनाच्या काळात, 2020 मध्ये, ह्युंदाईने ‘क्लिक टू बाय’ ही सोय देशभर आणली. इतर कंपन्यांनीही तसे मार्ग उघडले. वेबसाइट कंपनीची असते, पण बुकिंग करताना तुम्हाला डीलर निवडावा लागतो. बिल तोच करतो, पासिंगचे कागद तोच पाहतो आणि किल्लीही तोच देतो. अमेरिकेतही चित्र फार वेगळं नाही. डिसेंबर 2024 मध्ये अॅमेझॉनने ह्युंदाईच्या गाड्या आपल्या साइटवर आणल्या, पण तिथेही विक्रेता स्थानिक डीलरच आहे.

कंपनी थेट विकते तेव्हा काय बदलतं?

याचं ठळक उदाहरण चाकणमध्ये आहे. तिथे कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर 2021 पासून भारतात थेट विक्री सुरू केली. गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा, बिल कंपनीचं आणि एक्स-शोरूम किंमत देशभर एकच. पूर्वीचे डीलर बंद झाले नाहीत. टेस्ट ड्राइव्ह, डिलिव्हरी आणि सर्व्हिसिंग त्यांच्याकडेच राहिलं. टेस्लाने जुलै 2025 मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात पहिलं शोरूम उघडलं. तिथेही मधे डीलर नाही.

या पद्धतीत घासाघीस संपते. ज्याला भाव करता येत नाही, त्याच्यासाठी ते चांगलं. पण दिवाळीत किंवा वर्षअखेरीला साठा संपवण्यासाठी एखादा डीलर स्वतःच्या खिशातून जी सूट देतो, तीही जाते.

ऑनलाइन गाडी स्वस्त पडते का?

किमतीचा मोठा भाग सरकारी करांचा असतो आणि तो दोन्हीकडे सारखाच लागतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल कारला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाखांपर्यंत 12 टक्के आणि त्यापुढे 13 टक्के वाहन कर आहे. म्हणजे 8 लाखांच्या गाडीवर 88 हजार रुपये. त्यात क्लिक केल्याने एक रुपयाही वाचत नाही. 10 लाखांवरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस लागतो, पण तो प्राप्तिकर विवरणपत्रात परत मिळवता येतो.

फरक पडतो तो विमा, अॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि ‘हँडलिंग’ या नावाखालच्या रकमांमध्ये. नव्या कारला 3 वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो डीलरकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही. त्यामुळे एकच ऑन-रोड आकडा न पाहता प्रत्येक ओळ वेगळी लिहिलेलं कोटेशन मागा. ऑनलाइन दराचा खरा उपयोग इथे आहे. तो हातात ठेवून शोरूममध्ये बोलणी करता येतात.

मग डीलर जवळ असण्याचं महत्त्व किती?

खंडाळ्यात ते जास्तच आहे. रोजच्या घाटामुळे क्लच आणि ब्रेक लवकर झिजतात. जून ते सप्टेंबर कोसळणाऱ्या पावसात गंज आणि वायरिंगची दुखणी येतात. गाडी पुढची 8-10 वर्षं याच भागात चालणार असेल, तर 20 किलोमीटरवरचं वर्कशॉप आणि 70 किलोमीटरवरचं वर्कशॉप यांत दर खेपेला एक दिवसाचा फरक पडतो.

याच मावळ तालुक्यात तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना होता. कंपनीने 2017 च्या अखेरीस भारतात शेवरोले गाड्यांची विक्री थांबवली आणि देशभरातली शोरूम बंद झाली. जुन्या ग्राहकांना सेवा मिळत राहील, असं कंपनीने सांगितलं होतं, पण विक्री बंद झालेल्या गाडीसाठी सर्व्हिस सेंटर आणि सुटे भाग शोधणं ही मालकाची डोकेदुखी होतेच. तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. कारखाना शेजारी असला म्हणून सेवा शेजारी मिळेलच, असं नाही.

थेट विक्रीलाही परिवहन खात्याचे नियम लागू असतात. पासिंग न झालेली गाडी विक्रीसाठी ठेवायला किंवा टेस्ट ड्राइव्हला द्यायला ट्रेड सर्टिफिकेट लागतं. 2025 मध्ये ओला इलेक्ट्रिकच्या दुचाकी विकणाऱ्या राज्यातल्या अनेक स्टोअरवर ते नसल्याच्या कारणावरून परिवहन विभागाने कारवाई केली होती.

फसवणूक झाली तर दाद कुठे मागायची?

इथे कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. विक्रेता गुरुग्रामचा असला तरी खंडाळ्याच्या ग्राहकाला पुणे जिल्हा आयोगात जाता येतं. मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगातच चालतं. त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

मात्र त्यासाठी कागद हवेत. बुकिंगची रक्कम कंपनीच्या किंवा डीलरच्या बँक खात्यातच भरा, कोणाच्या वैयक्तिक नंबरवर नको. बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हे आधी लेखी घ्या. पासिंगआधी गाडी दिवसाउजेडी प्रत्यक्ष पाहा आणि चासिस नंबर व उत्पादनाचा महिना बिलाशी जुळवा. एमएच 14 ची पाटी एकदा लागली की गाडी बदलून मिळवणं फार अवघड होतं.

ठरवायचं कसं?

दोनच प्रश्न विचारा : बिलावर नाव कोणाचं, आणि जवळचं अधिकृत वर्कशॉप किती किलोमीटरवर? दोन्हींची समाधानकारक उत्तरं मिळाली, तर बुकिंग मोबाइलवर केलं काय किंवा शोरूमच्या टेबलावर केलं काय, फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘पुण्याच्या पलीकडे’ असं आलं, तर ऑनलाइन वाचलेले काही हजार रुपये घाटातल्या पहिल्या दोन पावसाळ्यांतच टोइंग आणि हेलपाट्यांवर खर्च होऊ शकतात.