ऊन पाण्याच्या गावांचा हक्क

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १६७४ च्या फेब्रुवारीत सेनापती प्रतापराव गुजर आपल्या सहा सहकाऱ्यांसह तेथे धारातीर्थी पडले आणि गावाला कायमची कीर्ती लाभली. परंतु गावाची कीर्ती आणि गावाची मिळकत या दोन निराळ्या गोष्टी होत. ज्या खेड्यांना कीर्ती इतिहासाने नव्हे, तर भूगर्भातील कढत पाण्याने दिली, तेथे हे अंतर अधिकच डोळ्यांत भरते.

आंबा घाट उतरून साखरपा-देवरुखमार्गे गेले, की संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी व आरवली ही अशी गावे लागतात. पालघरपासून राजापूरपर्यंतच्या कोकणपट्टीत गरम पाण्याचे झरे ठिकठिकाणी आहेत. उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे ही ग्रामनामेच त्या ऊन पाण्याची साक्ष देतात. येथे जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी कातळातील भेगांतून खोल मुरते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. कोठे ते अंगाला सोसवेल इतके ऊन, तर कोठे सत्तर अंशांच्या आसपास असते. त्वचारोग व सांधेदुखी यांवर ते गुणकारी असल्याची लोकांची श्रद्धा आहे.

मोटारीने आलेला पाहुणा या पाण्यात स्नान करतो, घरून आणलेला डबा खातो आणि तासाभरात पुढच्या मुक्कामाला निघतो. त्याचे पैसे मुक्कामाच्या गावी खर्च होतात. झऱ्याच्या गावात मागे राहतात साबणाच्या वड्यांची वेष्टने, प्लास्टिकच्या पिशव्या आणि गढूळलेले कुंड. पाणी फुकट, म्हणून सफाईही फुकट, असा हा व्यवहार आहे. तिचा भार मात्र ज्या ग्रामपंचायतीला गटारे बांधायलाही पैसा पुरत नाही, तिच्यावर पडतो.

जपानने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. तेथे १९४८ च्या कायद्यान्वये गरम पाण्यासाठी जमीन खोदण्यास प्रांताच्या राज्यपालाची परवानगी लागते. शिवाय स्नान करणाऱ्याकडून स्थानिक संस्था सामान्यतः माणशी १५० येन स्नानकर घेतात, आणि तो झऱ्यांचे रक्षण, स्वच्छता व पर्यटनसोयी अशा ठरावीक कामांवरच खर्च करावा लागतो. आपल्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातही यात्राकराची तरतूद आहे. अडते ते वसूल झालेला पैसा झऱ्यापाशीच खर्ची पडेल, अशा बंधनावाचून.

देवाच्या पाण्याला दाम कसले, असा आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या कुंडांवर गावातल्या आयाबायांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा राबता आहे. त्यांच्याकडून एक पैसाही घेता कामा नये. कर पाण्याचा नव्हे, पाहुण्याने केलेल्या घाणीचा आहे. वसुलीचा ठेका मात्र कोणालाही देऊ नये; ठेकेदार आला, की प्रथम कुंपण येते आणि मग गावकरीच परका ठरतो.

याहून गंभीर बाब भूजलाच्या मालकीची आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याची मालकाला मोकळीक दिली. महाराष्ट्राने १९९३ साली सार्वजनिक पेयजलस्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहीर खोदण्यास मनाई केली, हे खरे. पण ऊन पाणी कोणाचे पेयजल नव्हे, म्हणून त्या संरक्षणाचा विचार त्याच्या वाट्याला आला नाही. शेजारच्या शेतात विश्रामगृह उभे राहिले आणि त्याच्या खोल विंधन विहिरीने तीच भेग गाठली, तर सार्वजनिक कुंड आटू शकते. त्यातच २०२५ साली केंद्र सरकारने भू-औष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आहे. विजेसाठी ही उष्णता वापरण्यास हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु परवाने देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती व उत्पन्नातील तिचा वाटा कागदावर आला पाहिजे.

उद्या पाणी घटल्याची तक्रार करायची, तर आजचे पाणी किती, याची नोंद गावाच्या दप्तरी हवी. त्यासाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. उष्णतामापक, मापाची बादली आणि सेकंदकाट्याचे घड्याळ एवढ्या साहित्यावर जवळच्या शाळा-महाविद्यालयांतील शास्त्रशिक्षकांना व विद्यार्थ्यांना ही नोंद दरमहा ठेवता येईल.