लाजेपोटी सोसलेली घाई

आमच्या शिरोळ तालुक्याला पाण्याचे नवल नाही. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचे पाणी या भागाला मिळते. तरीही याच तालुक्यात अशा कितीतरी बायका आहेत, की उद्या जयसिंगपूरच्या बाजाराला किंवा मिरजेच्या दवाखान्याला जायचे म्हटले, की आदल्या संध्याकाळपासूनच पाण्याचा तांब्या दूर ठेवतात. लग्नाला गेल्या तर मांडवात पुढे बसत नाहीत, दाराजवळची खुर्ची धरतात. नृसिंहवाडीला पौर्णिमेची गर्दी असली, की "तुम्ही जाऊन या, मी घराकडं बघते" म्हणतात. कारण कुणी विचारत नाही, आणि त्याही सांगत नाहीत.

कारण साधे आहे. लघवीची घाई होते आणि ती आवरत नाही. दिवसातून दहा-बारा वेळा जावे लागते, रात्री तीन-चारदा उठावे लागते, आणि कधी मोरीपर्यंत पोचण्याआधीच लुगडे ओले होते. वैद्यकशास्त्रात याला ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर, म्हणजे अतिक्रियाशील मूत्राशय म्हणतात. हे दुखणे पुरुषांनाही होते. मात्र बायकांच्या बाबतीत "वय झालं, बाळंतपणं झाली, आता असंच चालायचं" असे म्हणून त्यावर पडदा टाकला जातो. हा पडदा काढावा, एवढ्यासाठीच आज या विषयावर रविवारच्या पानात लिहितो आहे. घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावे असा हा विषय आहे, असे माझे मत आहे.

होते काय, ते आधी समजून घेऊ. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. ती भरत असताना स्नायूंनी शांत राहायचे आणि मेंदूची परवानगी मिळाली की आकुंचन पावायचे, असा नियम. अतिक्रियाशील मूत्राशयात हा नियम मोडतो. पिशवी अर्धीही भरलेली नसताना स्नायू आवळले जातात आणि माणसाची धावपळ उडते. अशा वेळी पाणी कमी पिणे हा उपाय आपल्या बायकांना हमखास सुचतो, पण तो उलटा पडतो. लघवी दाट होते, पिशवीला ती अधिकच टोचते, शिवाय जंतुसंसर्गाची आणि मुतखड्याची भीती वाढते. रात्रीच्या फेऱ्यांचा धोका तर वेगळाच. अंधारात घाईघाईने उठलेले म्हातारे माणूस ओल्या फरशीवरून घसरते आणि खुब्याचे हाड मोडून घेते.

उपचारांची सुरुवात अगदी साधी आहे. प्रथम डॉक्टरांनी लघवी तपासायची, रक्तातील साखर पाहायची, पुरुषांच्या बाबतीत प्रोस्टेट ग्रंथी आणि बायकांच्या बाबतीत अंग खाली आले आहे का, हे बघायचे. लघवीतून रक्त जात असेल, तर एक दिवसही थांबू नये. खोकताना किंवा शिंकताना थेंब गळणे हा प्रकार वेगळा; त्याचे उपचारही वेगळे. हे सारे बाजूला निघाले, की मूत्राशयाला वळण लावायचे. तीन दिवस किती प्यायलो, किती वेळा गेलो, याची वहीत नोंद ठेवायची. घाई झाली की लगेच न धावता थोडा वेळ थांबायचे, आणि दोन फेऱ्यांमधले अंतर पंधरा पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचे. चहा कमी करायचा, बद्धकोष्ठता होऊ द्यायची नाही, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम करायचा. एवढ्यावरही पुष्कळांना बरे वाटते. नाही वाटले तर औषधे आहेत. त्यांतल्या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, पोट साफ होत नाही आणि वृद्धांच्या स्मरणशक्तीवरही परिणाम होण्याची शक्यता असते. म्हणून अनेकजणी चार महिन्यांत गोळ्या सोडून देतात.

इथे विजेचा उपचार येतो. विजेचे नाव काढले की आपल्याकडे शॉक आठवतो, पण घरातल्या मेनच्या विजेशी याचा काही संबंध नाही. पायाच्या आतल्या घोट्यामागून टिबियल नावाची मज्जातंतूची दोरी जाते. ती वर मणक्याच्या तळाशी, त्रिकास्थीपाशी, ज्या मुळांना मिळते, त्यांतूनच मूत्राशयाच्या नसाही निघतात. घोट्याच्या तीन बोटे वर केसासारखी बारीक सुई टोचून बॅटरीवरच्या छोट्या यंत्रातून अतिशय सौम्य प्रवाह सोडतात. पायाचा अंगठा आपोआप वळला किंवा तळव्यात मुंग्या आल्या, की सुई नेमकी बसली असे समजायचे. प्रत्येक वेळी तीस मिनिटे, आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. पायाला दिलेला हा इशारा मूत्राशयाच्या बेशिस्त नसांना शांत करतो. तो नेमका कसा करतो, याचे शेवटचे उत्तर अजून शास्त्रालाही सापडलेले नाही. गंमत म्हणजे चिनी अ‍ॅक्युपंक्चरमध्येही याच जागेजवळचा बिंदू ओटीपोटाच्या तक्रारींसाठी पूर्वापार वापरला जातो.

गुण येतो का? २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २२० रुग्ण होते. निम्म्यांना खरा उपचार दिला, निम्म्यांना नुसता तसा भास करून दिला. खरा उपचार घेतलेल्यांपैकी शंभरात सुमारे ५५ जणांना चांगला फरक जाणवला. दुसऱ्या गटात हे प्रमाण २१ होते. म्हणजे गुण आहे, पण सगळ्यांना नाही. बारा आठवड्यांनंतरही महिन्यातून एकदा वगैरे उपचार चालू ठेवावा लागतो. सुईऐवजी त्वचेवर पट्ट्या चिकटवून टेन्स मशीनने प्रवाह देण्याची पद्धतही आहे. ते मशीन कंबर-गुडघ्याच्या दुखण्यासाठी आपल्याकडच्या बहुतेक फिजिओथेरपिस्टांकडे असतेच. मात्र ब्रिटनमधल्या वृद्धाश्रमांत सुमारे ४०० वृद्धांवर केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पट्ट्यांचा फायदा दिसला नाही. तेव्हा कुणी जाहिरात करून हमखास गुणाची हमी देऊ लागला, तर सावध राहावे. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा उपचार घेऊ नये. याखेरीज त्रिकास्थीपाशी कायमचे यंत्र बसवण्याची शस्त्रक्रिया आहे. अमेरिकेत तिला १९९७ साली मान्यता मिळाली. पण तिचा खर्च काही लाखांत जातो. तो शेवटचा मार्ग.

माझा मुद्दा मात्र यंत्राचा नाही, त्या बारा फेऱ्यांचा आहे. आमच्या भागाला मोठा दवाखाना म्हणजे मिरज. १८९४ साली तिथे वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल उभे राहिले, पुढे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि पंचक्रोशीची श्रद्धा तिथे जडली. पण खुरपणीला जाणाऱ्या बाईने बारा वेळा मिरजेला जायचे, तर तिचा बारा दिवसांचा रोजगार बुडतो. जिला लघवी आवरत नाही, तिनेच एसटीने जाऊन यायचे, हा तर भलताच न्याय झाला. अशी बाई दोनदा जाईल, तिसऱ्यांदा जाणार नाही, आणि मग आपण म्हणणार की बायका उपचार पुरा करत नाहीत.

म्हणून हा उपचार तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत आला पाहिजे. २०१०-११ साली सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या पातळीवर फिजिओथेरपीची तरतूद आहे. आठवड्यातला एक दिवस, ठरलेली वेळ, एक स्त्री फिजिओथेरपिस्ट आणि आडोशाची खोली, इतके झाले तरी सुरुवात होईल. टेन्सच्या पट्ट्या कुठे लावायच्या हे एकदा शिकवले, तर काहीजणींना तो उपचार घरीही घेता येईल. आशाताई रक्तदाब विचारतात, साखर विचारतात, त्यांनी "लघवीची घाई होते का?" हा एक प्रश्न जास्तीचा विचारावा.

आणि स्वच्छतागृहांचे काय? मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' या नावाने बायकांची चळवळ उभी राहिली. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाने उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २०१५ च्या डिसेंबरात महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे उभारण्याचे आदेश मिळाले. शहरातल्या बायका बोलल्या, म्हणून हे झाले. आमच्याकडे बीड भागातून येणाऱ्या ऊसतोडणीच्या बायका पालात राहून ऊस तोडतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमच्याच गावच्या बायकांनी छावण्यांत दिवस काढले. त्यांच्या गैरसोयीवर कुणी अर्ज केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. घोट्याला दिलेल्या विजेने नस शांत होईलही, पण बाजारात जायला जागाच नसेल, तर बाई पुन्हा तांब्या दूरच ठेवणार.

सरकार काय करायचे ते करील. घरात मात्र आजच करता येईल असे काम आहे. आई रात्री कितीदा उठते, हे घरातल्या कुणालातरी ठाऊक असतेच. तिच्या खोलीपासून मोरीपर्यंत एक दिवा रात्रभर जळू द्या, फरशी कोरडी ठेवा. आणि सुनेने किंवा लेकीने, आणि संकोच बाजूला ठेवून लेकानेसुद्धा, एकदा जवळ बसून सरळ विचारा, "आई, तुला घाई होते का गं? चल, दाखवून येऊ."