अभयारण्याची हद्द आणि चुनखडीचा हिशेब

कच्छमधील नारायण सरोवर अभयारण्य १९८१ साली घोषित झाले. चिंकारा हरणांचे हे क्षेत्र ७६५.७९ चौरस किलोमीटरचे होते. पुढे तेथील चुनखडीवर सिमेंट उद्योगाची दृष्टी गेली. १९९३ साली गुजरात सरकारने अधिसूचना काढून ते फार मोठ्या प्रमाणात घटवले. विधानसभेच्या ठरावाविना केलेली ही कृती उच्च न्यायालयात टिकली नाही. १९९५ साली ठराव झाला, ४४४.२३ चौरस किलोमीटर उरले. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव कायम ठेवून मर्यादित उत्खननास मुभा दिली.

मागास भागाला रोजगार हवा, याविषयी दुमत नाही. प्रश्न हिशेबाचा आहे. चुनखडीचे टन जमेस धरले. गेलेले चराऊ रान, आटणारे पाणी आणि खाणीमागे उरणारा खड्डा कोणाच्या खाती मांडावयाचा? न्यायालय प्रामुख्याने कार्यपद्धती तपासते. हिशेब तपासणे हे लोकांचेच काम आहे. सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईपुढे अभयारण्याची हद्द अढळ असते, भांडवलापुढे मात्र ती ठरावानिशी सरकते.

आज हद्दबदलास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. तेवढ्याने भागणार नाही. संपूर्ण ताळेबंद आधी ग्रामसभेपुढे आला पाहिजे, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी.