परवाना कोणाच्या हाती?



सावनेरच्या आपल्या वस्त्यांतून एखादा मुलगा वा मुलगी संगणक अभियंता झाली, की घरातील वडीलधारी मंडळी प्रथम विचारतात ते परदेशाचे. ही आकांक्षा आम्ही दोषास्पद मानीत नाही. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले नसते, तर आपला इतिहास निराळा झाला असता. परंतु ज्या परवान्यावर आपली मुले समुद्र ओलांडतात, तो कोणाच्या हाती असतो, याचा विचार आपल्या घरांत फार थोडा होतो. तो व्हावा, एवढ्याचसाठी हा लेख.

अमेरिकेचा एच-१बी परवाना घ्या. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० आणि तेथील विद्यापीठांची उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी आहे. त्यासाठी अर्ज कामगार करीत नाही, मालक करतो. काम सुटले, तर नवा मालक शोधण्यास फार तर ६० दिवस मिळतात. ब्रिटनचा कुशल कामगाराचा व्हिसाही सरकारमान्य मालकाशीच बांधलेला असतो. म्हणजे विद्या कामगाराची, श्रम कामगाराचे. पण त्या भूमीवर उभे राहण्याचा हक्क मात्र मालकाच्या सहीवर अवलंबून!

जो तरुण कोणाचा नोकर नाही, कामापुरता करार करून संगणकाचे काम करतो, त्याची अडचण याहून मोठी. परदेशी काम करावयाचे, तर त्याला बहुधा एखाद्या मध्यस्थ कंपनीचा नोकर व्हावे लागते. ती त्यास दुसऱ्या कंपनीकडे धाडते, दुसरी तिसरीकडे. आणि प्रत्येक पायरीवर त्याच्या मोबदल्यातून वाटा कापला जातो. परवाना हाती आला, की फावल्या वेळात स्वतःचे स्वतंत्र काम घेण्याचीही मुभा राहत नाही. सावनेर परिसरातील कोळसा खाणींवर अथवा खापरखेड्याच्या वीज केंद्रावर ज्यांनी ठेकेदाराच्या हाताखाली राबून पाहिले आहे, त्यांना ही साखळी समजावून सांगण्याची गरज नाही.

तिकडचा स्वतंत्र कंत्राटदार म्हणतो, परवान्याने बांधलेल्या या परक्या माणसांमुळे माझा दर पडला. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचा भार घालणारा हुकूम काढला, तेव्हा अशा अनेकांना समाधान वाटले असेल. परंतु दार लावल्याने काम थांबत नाही. त्यातले पुष्कळसे इकडे सरकते, आणि कायम नोकरी म्हणून येण्याऐवजी अनेकदा कंत्राट म्हणून येते. मग इकडचा कंत्राटदार तिकडच्याला आणि तिकडचा इकडच्याला शत्रू समजू लागतो. जातीने श्रमिकांचीच शकले केली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले होते. परवान्याने पडलेली ही नवी शकले आपण ओळखली पाहिजेत. दर पाडतो तो बांधलेला कामगार नव्हे. दर पाडते ते त्याचे बांधलेपण.

हे बांधलेपण आपल्याला नवे आहे काय? महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक आणले, ते याच कारणाने. काम अमर्याद, मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर, आणि सोडून जाण्याची वाट बंद. परदेशी पगार मोठा असतो, हे खरे. पण ज्याला सोडून जाता येत नाही, त्याला तक्रारही करता येत नाही. त्यातून वरचा अधिकारी जातीयवादी निघाला तर? सिएटल शहराने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातिभेदास कायद्याने मनाई केली. कॅलिफोर्नियाचे तसेच विधेयक मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी नाकारले. जात विमानातून प्रवास करते, हे विसरू नका.

म्हणून, मातापित्यांनो, शेत गहाण टाकण्यापूर्वी करार वाचा. मूळ प्रमाणपत्रे कोणाही मध्यस्थाच्या हवाली करू नका. एच-१बीवर नेमलेल्या माणसाला काम नसले तरी मालकाने वेतन दिलेच पाहिजे, आणि मुदतीपूर्वी नोकरी सोडल्याबद्दल दंड उकळता येत नाही, असा अमेरिकेचाच कायदा आहे. तो मुलांना पाठ असू द्या. जे येथे राहून स्वतंत्रपणे काम करतात, त्यांनी आपला व्यवसाय सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवावा. २००६ च्या कायद्यान्वये देशातील ग्राहकाने ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते केले पाहिजेत; न केल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. हक्क कागदावर निजलेला असतो. त्याला जागे करावे लागते, आणि एकट्याच्या हाकेपेक्षा दहांच्या हाकेने तो लवकर जागा होतो.

बाबासाहेबांनीही बडोद्याशी दहा वर्षांच्या नोकरीचा करार केला होता. शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले, ते प्राध्यापकीतून साठविलेला पैसा आणि स्नेह्यांचे साहाय्य घेऊन. या दोन प्रवासांतील अंतर आपल्या मुलांना समजावून द्या.

भगवान बुद्धांनी उपासकास जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत माणसांची विक्रीही आहे. माणूस विकणे हे जसे सम्यक आजीविकेत बसत नाही, तसे स्वतःला विकू देणेही धम्माचा स्वीकार केलेल्या माणसास शोभत नाही. परदेशी अवश्य जा. पण माणूस म्हणून जा, कोणाचा माल म्हणून नव्हे.

जयभीम.