उतार कळला, की पाणी कळतं

आमच्या लहानपणी जालन्यात सायकल तासावर भाड्याने मिळायची. दुकानदार ओळखीचा असला तर वहीत नाव लिहून घ्यायचा. नसला तर ‘ओळखीचा माणूस घेऊन ये’ म्हणायचा. दांडीखालून पाय घालून, कैची मारत, ढोपरं फोडून घेत आम्ही शिकलो. त्या भाड्याच्या सायकलीने मला भूगोलाच्या पुस्तकाच्या आधी एक गोष्ट शिकवली. आपलं गाव सपाट नाही, हे पायांना पहिल्यांदा कळलं. जाताना वारा कानात घुमवणारा रस्ता येताना धाप लावतो, म्हणजे जमीन कुठेतरी झुकलेली असली पाहिजे!

गेल्या हिवाळ्यात साठी ओलांडलेले आम्ही दोघे मित्र पुन्हा सायकली घेऊन निघालो. घरच्यांनी आधी चेष्टा केली, मग काळजी केली, शेवटी दशम्या बांधून दिल्या. बेत साधा होता. जिल्ह्याच्या उत्तरेला केळणा नदी, दक्षिणेला गोदावरी. एकीच्या काठावरून निघून दुसरीच्या काठावर पोचायचं. मुक्काम वाटेत जालन्याला, आपापल्या घरीच.

सायकली टेम्पोत टाकून पहाटे असईला उतरलो. भोकरदन आणि जाफराबादच्या मधलं हे लहानसं गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. केळणा ओलांडायला जागा नाही, असं वाटाड्यांनी त्याला सांगितलं होतं. पण दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं त्याला दिसली. एवढ्या जवळच्या गावांची एकमेकांत ये-जा नसेल, हे होणंच शक्य नाही, म्हणजे इथे उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला. उतार निघाला, फौज पलीकडे गेली आणि दख्खनचा इतिहास बदलला.

ही हकीकत अभिमानाने सांगावी अशी नाही. माणसं आपली, नदी आपली, आणि उतार ओळखला परक्याने! पण आपल्या भाषेत नदी पायी ओलांडायच्या जागेला ‘उतार’ म्हणतात आणि जमिनीच्या झुकण्यालाही ‘उतार’च म्हणतात, हे मला त्या दिवशी केळणेच्या पात्रात सायकल खांद्यावर घेऊन उभा असताना आठवलं. दोन्ही ओळखायला गाडीतून खाली उतरावं लागतं.

युरोपात डॅन्यूब नदीच्या काठाने पासाउपासून व्हिएन्नापर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटरांची सायकलवाट आहे. घरची घरं, लहान मुलांसकट, तिच्यावरून प्रवास करतात. कारण नदीने आधीच सगळ्यांत सोपा चढ-उतार शोधून ठेवलेला असतो. आपल्याकडे तशी वाट नाही. काळ्या मातीत काठाकाठाने जाऊ म्हटलं तर पावसाळ्यात चाक फिरत नाही आणि उन्हाळ्यात बाभळीचे काटे ट्यूब शिल्लक ठेवत नाहीत. तरीही आपले जुने रस्ते नदी-ओढ्यांचं ऐकूनच घातलेले आहेत. बैलाला जो चढ नको असतो, तोच सायकलवाल्यालाही नको असतो.

भोकरदन हे याचंच उदाहरण. केळणेकाठचं हे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत या गावच्या माणसांचा उल्लेख आहे. सत्तरच्या दशकात इथे झालेल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष सापडला. इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली इ.स. ७९मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात जी भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली, तिच्याशी याचं साम्य अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल बैलांच्या पाठीवरून याच खोऱ्यांतून बाहेर पडत असणार. भोकरदनच्या एस.टी. स्टँडसमोर चहा पिताना आम्ही हे एका कॉलेजच्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘काका, मी इथलाच आहे, मला कुणी सांगितलंच नाही.’’

भोकरदनहून निघालं की पूर्णेचं खोरं लागतं आणि मग राजूरच्या गणपतीकडे चढ सुरू होतो. चतुर्थीला इथे पायी येणाऱ्यांची रीघ असते. आम्ही चढाचा शेवटचा तुकडा त्यांच्यासारखाच पायी, सायकल ढकलत पार केला. राजूर आणि जालना यांच्या दरम्यान अजिंठ्याच्या रांगेची एक शाखा, जालन्याचे डोंगर, आडवी जाते. डोंगर कसले, माथ्यावर आल्याचं कळतही नाही. एवढंच कळतं, की पायडल मारणं थांबवलं तरी सायकल चालते आहे.

त्या माथ्यावर आम्ही दशम्या सोडल्या. मागे पडलेला थेंब पूर्णेला जाणार, पुढे पडलेला कुंडलिकेतून दुधनेला. गंमत अशी, की दुधना पुढे परभणी जिल्ह्यात पूर्णेलाच मिळते आणि पूर्णा गोदावरीला. माथ्यावर ताटातूट झालेले दोन थेंब पुन्हा भेटतात. पण तोवर जालना जिल्हा मागे पडलेला असतो. आमच्या जिल्ह्याची सगळी कहाणी या एका वाक्यात आहे. पाऊस पडतो आणि उताराने निघून जातो.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. कुंडलिकेवरचा घाणेवाडीचा तलाव १९३१ साली, निजामाच्या राजवटीत झाला. तो शहराच्या वरच्या अंगाला आहे. तिथलं पाणी केवळ उताराच्या जोरावर, पंपाशिवाय जालन्यात येई. २०१२-१३च्या दुष्काळात मात्र शहर टँकरच्या मागे धावलं आणि मोसंबीच्या उभ्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. आज शहराची मुख्य भिस्त गोदावरीवरच्या जायकवाडीवर आहे.

त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. जालन्याहून दुधना ओलांडून अंबडला मत्स्योदरी देवीचं दर्शन घेतलं आणि शहागडची वाट धरली. गोदावरीचं खोरं समोर पसरत गेलं. उसाचे फड, कापसाच्या गाड्या, कालवे. सायकल जणू आपणहून नदीकडे ओढली जात होती. घाटावर पाण्यात पाय सोडून बसलो. एका म्हातारबाबांनी विचारलं, ‘‘कुठून आलात मालक?’’ जालना म्हटल्यावर हसून म्हणाले, ‘‘येताना सोपंय. जाताना कळंल!’’

कळलं. परतीच्या वाटेवर अंबडपर्यंत मांड्या भरून आल्या. सामानात पाण्याच्या चार बाटल्या होत्या. त्यांचंही ओझं वाटू लागलं. आणि एकदम ध्यानात आलं, की माझ्या घरच्या नळाचं पाणीही याच नदीवरून, असंच चढ चढून येतं. पंप दिसत नाहीत, वीजबिल आपल्याला येत नाही, म्हणून चढ जाणवत नाही, एवढंच. वरून आपोआप येणारं पाणी सांभाळायचं विसरलेलं शहर खालचं पाणी उपसून वर आणतं. त्या दिवसापासून अंगणात नळी सोडून पाणी मारायची माझी सवय सुटली.

उपाय नाही असं नाही. जालना तालुक्यातल्याच कडवंचीने नव्वदच्या दशकात माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचं काम केलं. चर खोदले, बांध घातले, पुढे शेततळी झाली. आज ते गाव द्राक्षांसाठी ओळखलं जातं. त्यांना वेगळा पाऊस मिळाला नव्हता. त्यांनी उतार ओळखला आणि त्याच्या वाटेत उभे राहिले.

म्हणून मला वाटतं, आपल्या मुलांना आपल्या भागाचा उतार पायांनी कळला पाहिजे. त्यासाठी सायकलीसारखं वाहन नाही. पण ती चालवायची कुठे? डिसेंबर २०२२मध्ये खुला झालेला समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही मनाई आहे. वेगाचा रस्ता म्हणून ते योग्यच आहे. मग उरलेले जुने रस्ते तरी सायकलला मोकळे हवेत. आमच्या दोन दिवसांत सगळ्यांत जास्त भीती चढाची नव्हे, डांबराच्या तुटलेल्या कडेची वाटली. मागून ट्रक हॉर्न देतो आणि खाली उतरायला जागा नसते. आम्ही हौसेने गेलेले म्हातारे. पण त्याच कडेवरून शाळेच्या गणवेशातल्या मुली, सरकारी योजनेत मिळालेल्या सायकलींवर, रोज जात-येत होत्या. सायकल दिली, रस्त्याची कड द्यायची राहिली. गावोगावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मीटरभर पक्की साइडपट्टी, एवढं मागणं काही फार नाही.

आपल्याकडून करण्यासारखंही थोडं आहे. पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुटीत, एखाद्या रविवारी उजाडायच्या आत मुलांना घेऊन निघा. हवेचा पंप, पंक्चरचं सामान आणि भरपूर पाणी बरोबर घ्या. असई लांब वाटली तर घाणेवाडीपर्यंत जा. तेही नको तर घरामागचा नाला कुठून येतो, एवढं शोधा. मुलांनी विचारलं, ‘‘बाबा, हे पाणी कुठे जातं?’’ तर उत्तर देऊ नका. सायकल उताराला लावा आणि त्यांनाच पुढे जाऊ द्या. येताना चढ लागेल, मुलं कुरकुरतील. ती कुरकुर मात्र नीट ऐकून घ्या.